मैना पोट फुगवते

आधीच सांगून टाकतो, पुढे लपवाछपवी नको. मी दशरथवर जळतो. दशरथ माझा वैरी नाही, भाऊबंद नाही, त्यानं माझा बांध कोरलेला नाही की माझ्या पोराचं लग्न मोडलेलं नाही. साधा माळी होता तो, गुलाबाला पाणी घालणारा. पण त्याचं नाव निघालं की माझ्या छातीत कोणी निखारा ठेवल्यासारखं होतं. बायको म्हणते, "या वयात लोकं देवाचं नाव घेतेत, तुमी दशरथचं घेता." घेतो! काय करू?

संपादकांनी घोड्यांच्या नोकरीबद्दल लिहायला सांगितलं आहे. मी लिहितोच आहे. पण त्या नोकरीची आठवण काढायला बसलो की दशरथ मध्ये येऊन उभा राहतो, आणि तोही एकटा नाही, माझ्या घोडीचा दोर हातात धरून.

बालाघाटहून बैहरच्या रस्त्याला, जिथे सागाचं जंगल संपून सालाचं सुरू होतं, तिथे एक जुनी मालगुजारी जागा आहे. इंग्रजांच्या काळात मालकांच्या पणजोबांनी तिथे घोडे पाळले. साहेब लोक शिकारीला आले की तिथेच उतरायचे. गावचे लोक त्या जागेला घोडाबंगला म्हणत. पुढे शिकार बंद झाली, साहेब गेले, घोडे मात्र राहिले. मग मोठ्या मालकांनी तिथे रिसॉर्ट काढलं. दारात बोर्ड लागला, कौलारू कॉटेजं झाली, पोहायची टाकी झाली, आणि पाहुण्यांना घोड्यावरून नाल्यापर्यंत फिरवून आणायला माणूस पाहिजे होता, तो मी. आमचं गाव कटंगीकडे. माझे आजोबा तुमसरात टांगा हाकायचे, त्यामुळे घोड्याची लीद आमच्या घराण्यात तीन पिढ्यांची. इकडे हिंदीत या कामाला सईस म्हणतात, आजोबा मोतद्दार म्हणत. पाहुण्यांची पोरं मला 'हॉर्स अंकल' म्हणायची. मी तिन्ही नावांना ओ द्यायचो.

घोड्यावर पाहुणा बसवणं बघणाऱ्याला सोपं वाटतं. आला, टाकला घोड्यावर, दोर धरून फिरवून आणला, झालं. अहो, तसं असतं तर दशरथनंही केलं असतं! पाहुणा गाडीतून उतरतानाच मी त्याला जोखून ठेवायचो. जो येतायेताच "मला येतं हो घोड्यावर" म्हणतो, त्याला सगळ्यात झोपाळू घोडं द्यायचं. जो घाबरतो त्याची चिंता नाही, तो मुकाट धरून बसतो. चपलेवाल्याला बसवायचंच नाही, कारण टाच नसली की पाय रिकिबीतून आरपार जातो आणि अडकतो. एका बँकेच्या साहेबांनी वर बसल्यावर मला विचारलं, "याला ब्रेक कुठे आहे?" मी म्हटलं, "साहेब, ब्रेक मीच आहे, तुम्ही नुसते बसा." ते पुढची दोन वर्षं दर हिवाळ्यात आले आणि दरवेळी बायकोला सांगायचे, हे बघ आपले ब्रेक.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तंग. तंग म्हणजे खोगीर ज्यानं बांधतात तो पट्टा. तो घोड्याच्या पोटाखालून जातो. माझी सारी कथा त्या पट्ट्याचीच आहे, म्हणून नीट सांगतो. तंग ढिला राहिला की खोगीर फिरतं आणि स्वार खाली. म्हणून तो करकचून आवळावा लागतो. आता घोड्याला ते आवडेल का? तुमच्या पोटाला कोणी पट्टा बांधून ओढला तर तुम्हाला आवडेल? हुशार घोडं काय करतं, तुम्ही तंगाला हात घातला की मोठा श्वास घेतं आणि पोट फुगवून उभं राहतं. तुम्हाला वाटतं, झालं घट्ट. तुम्ही पाठ फिरवली की ते हळूच श्वास सोडतं आणि तंग सैल पडतो. म्हणून जाणता माणूस तंग दोनदा बांधतो. एकदा बांधायचा, घोड्याला थोडं चालवायचं, चालताना त्याला श्वास सोडावाच लागतो, आणि मग पट्टा आणखी एक भोक पुढे ओढायचा. टांग्याच्या घोड्याला ही भानगड नसते, गाडीचा पट्टा ढिलाच ठेवतात.

मैना या फुगवण्यातली उस्ताद. कुमैत घोडी, म्हणजे अंग काळसर तांबडं, आणि कपाळावर तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका. तिची आई घोडाबंगल्यातच व्याली. शिंगराचे ओले पाय मी माझ्या धोतराच्या सोग्यानं पुसले होते. पहिली दोरी मी घातली, पहिलं खोगीर मी ठेवलं. आणि पहिल्याच दिवशी तिनं पोट फुगवून दाखवलं, कुठे शिकून आली होती देव जाणे. फुगवायची तीही डोळे मिटून, ध्यानाला बसल्यासारखी. मी म्हणायचो, "सोड मैना, मले सारं माहीत हाय." ती कान मागे पाडायची. मी थांबायचो, तीही थांबायची. शेवटी फुस्स करून श्वास सुटायचा आणि मी पट्टा ओढायचो. हा आमचा रोजचा खेळ होता. निदान मी तरी त्याला खेळ म्हणायचो.

एकदा मलाजखंडकडचे एक ठेकेदार आले. पांढरेशुभ्र कपडे, गळ्यात सोन्याची साखळी, देह दोन माणसांचा. मैनाच पाहिजे म्हणून हटून बसले. मी पहिल्यांदा तंग बांधला आणि म्हटलं, जरा थांबा, हिला थोडं चालवू द्या. ठेकेदार थांबणाऱ्यांपैकी नव्हते. "अरे बंध तो गया, और कितना बांधोगे?" म्हणत रिकिबीत पाय घातला. मैनेनं फुस्स केलं. खोगीर सावकाश, अगदी अदबीनं, वरून बाजूला आणि बाजूवरून पोटाखाली गेलं, आणि खोगिराबरोबर ठेकेदारही. ते खाली लटकलेले आणि मैना वर दगडासारखी उभी, पाय हलवला नाही तिनं. मी त्यांना खालून काढलं. कपडे झटकून म्हणाले, "जानवर शरीफ है." शरीफ! त्या शरीफ जनावरानं डोळा किलकिला करून माझ्याकडे पाहिलं होतं, मी कोणाच्याही शपथेवर सांगतो.

हे सगळं होत असताना दशरथ कुठे होता? गुलाबाच्या वाफ्यात. लांजीकडून आलेला, हाताला चांगला, पण घोड्याला असा भ्यायचा की मैना शिंकली तरी झारी टाकून पळायचा. मी मुद्दाम तिला वाफ्याजवळून न्यायचो. "काकाजी, तिकून न्या ना तिले, माह्या अंगावर येऊन राह्यली ते," तो ओरडायचा आणि आम्ही हसायचो.

मग करोनाचं वरीस आलं. पाहुणे बंद झाले. मोठे मालक वारले. रिसॉर्टला कुलूप लागलं आणि घोडे विकायला काढले. एकेक करून गेले, कोणी वरातीसाठी नेला, कोणी टांग्यासाठी. मैनेला गिऱ्हाईक मिळालं नाही, तिचं वय झालं होतं. माझंही झालं होतं. मी बालाघाटला पोराकडे राहायला गेलो, दुसऱ्या माळ्यावर दोन खोल्या. तिथे घोडी कुठे बांधणार, गॅलरीत? मोठ्या मालकांची मुलगी, आम्ही सगळे तिला ताई म्हणतो, नागपूरची नोकरी सोडून घोडाबंगल्यावर राहायला आली होती. मी निघालो तेव्हा ती म्हणाली, "काका, मैना तुमचीच. जागा झाली की घेऊन जा." मी तो शब्द गाठीला बांधला.

ताईनं पुन्हा पाहुणे आणले नाहीत. तिनं जमीन कसायला घेतली. चिन्नोर धान लावलं, गायी घेतल्या. आणि जो माणूस तिथेच राहत होता, ज्याला जायला दुसरी जागा नव्हती, तो सगळं बघू लागला. कोण? दशरथ! बातम्या मला फोनवर कळायच्या. दशरथ मैनेला चारा घालतो. बरं, घालू दे. दशरथ तिला पाणी दाखवायला नेतो. दशरथनं तिला गाडीला जुंपलं. त्या दिवशी मी जेवलो नाही. जिच्यावर साहेबांच्या लेकीसुना बसल्या, ती शेणाची गाडी ओढते? आणि हाकणारा कोण, तर शिंकेला भिणारा माळी! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

मग आम्ही दोघं गावाकडच्या घरी परतलो आणि मी शेताच्या कडेला शेड बांधली. खाली मुरूम टाकून चोपला, वर टिनं टाकली, गव्हाण केली. बायको म्हणाली, "माह्या सैपाकघराचं कवेलू दरवर्षी गळते, अन् घोडीले टिनं?" मी ऐकून घेतलं. गेल्या हिवाळ्यात, धान निघाल्यावर, एक पिकअप भाड्यानं केली आणि मैनेला आणायला गेलो. वरातीमागून घोडं म्हणतात, इथे घोड्यामागून वरात चालली होती.

घोडाबंगल्याचं फाटक उघडं होतं, आणि आत गेल्यावर मला माझीच जागा ओळखू येईना. रिसेप्शनमध्ये धानाची पोती छतापर्यंत रचलेली. पोहायच्या टाकीत शिंगाड्याचे वेल पसरलेले, दोन मासेमार ढिवर बाया कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहून शिंगाडे तोडत होत्या. हनिमून कॉटेजात गाभण गायी. ज्या खोलीत नवी जोडपी लाजत यायची, तिथल्या खिडकीतून एक गाय तोंड काढून रवंथ करत होती. माझ्या तबेल्यात, जिथली जमीन मी स्वतः चोपली होती, तिथे तणस, म्हणजे धानाचा पेंढा, भरलेली. मला वाटलं होतं, जागा उजाड झाली असेल, आणि मी हळहळेन. हळहळायची सोय नव्हती हो! सगळीकडे चिन्नोरचा वास, माणसं कामात, गायी तुकतुकीत. आमच्या वेळी इथे एवढी हिरवळ फक्त बोर्डावर होती. माझ्यावाचून ती जागा बिघडली असती तर मला बरं वाटलं असतं, खरं तेच सांगतो.

ताईनं ओसरीवर चहा दिला. फाटकाजवळची पिकअप तिनं पाहिली होती.

"न्यायला आलात ना काका?"

"हौ ताई. शेड केली आता."

"शब्द दिला तो दिला, मी मागे घेणार नाही. न्या." मग म्हणाली, "पण दशरथला तुम्ही सांगा. मला नाही जमणार."

तेवढ्यात घुंगरं वाजली. बांधावरून गाडी येत होती, वर दुधाचे कॅन, आणि पुढच्या दोन दांड्यांमध्ये माझी मैना. म्हातारी झाली होती, पाठ जरा खोल गेली होती, डोळ्यांवर पांढरं आलं होतं. पण अंग असं चमकत होतं की मी रोज खरारा करायचो तेव्हाही तसं चमकलं नसेल. पुढे दशरथ चालत होता. हातात लगाम नाही, दोर नाही, काही नाही. तो थांबला की ती थांबायची, तो वळला की ती वळायची. कुत्रं चालावं तशी चालत होती हो त्याच्यामागे! माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की डोळ्यांतून पाणी आलं. चहा गरम होता म्हणून सांगितलं मी ताईला.

दशरथ धावत येऊन पाया पडला. "काकाजी! कवा आले? काहून नाही सांगतलं? मी स्टँडवर आलो असतो ना घ्याले." तेवढ्यात त्याची नजर पिकअपवर गेली. मागच्या फळीला मी तणस बांधून आणली होती, घोडीला खरचटू नये म्हणून. त्याच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं, पण आवाज उतरला. "गाडी कायले आणली?"

"पाहू," मी म्हटलं.

खिशात गूळ होता. मी मैनेजवळ गेलो, जुनी शीळ घातली. तिनं कान टवकारले. तिनं माझ्या तळहातावरचा गूळ खाल्ला, चाटून खाल्ला, माझ्या बाहीला तोंड पुसलं, आणि मान वळवून दशरथकडे चालती झाली. एवढंच. तिच्या जन्माला हजर असलेल्या माणसाची किंमत गुळाच्या खड्याएवढी.

दशरथची बायको शेवंता पाणी घेऊन आली होती, ती हसली. "काकाजी, ते घोडी नाही, माही सवत हाय. सकाळी उठल्यावर हे मानूस आधी तिच्याकडं जाते, मंग चहा मागते."

"काही नखरे करत नाही?" मी विचारलं.

"नाही जी," दशरथ म्हणाला. "काईच नाही. गाईवानी हाय."

गाईवानी! माझी मैना! ठेकेदाराला पोटाखाली लटकवणारी मैना गाईसारखी? हे ऐकून माझं डोकं फिरलं. पोत्यांच्या मागे, भिंतीच्या खुंटीवर माझं जुनं खोगीर टांगलेलं मला दिसलं होतं. मी म्हटलं, "आण ते खोगीर. तिले एकदा तिच्या जुन्या कपड्यात पाहू दे मले."

त्यानं आणलं. धूळ होती, पण चामड्याला तेल लावलेलं होतं. तेही यानंच लावलं असणार, मेल्यानं कुठे बोट ठेवायला जागा सोडली नव्हती. मी खोगीर मैनेच्या पाठीवर ठेवलं, पोटाखालून तंग घेतला आणि पट्ट्याला हात घातला.

तिनं मोठा श्वास घेतला. पोट टरारून फुगलं. कान मागे गेले, डोळे मिटले.

काय सांगू तुम्हाला! मी हसलो की रडलो मला माहीत नाही. "सोड मैना," मी म्हटलं, "मले सारं माहीत हाय." ती सोडेना. मी थांबलो, ती थांबली. इतक्या वर्षांनी तोच हात, तेच पोट, तीच हुशारी.

दशरथ बघतच राहिला होता. "हे काय हो काकाजी?"

"हे? हे आमचं जुनं हाय."

"माह्यासंगं तं कवाच नाही केलं." त्यानं पुढे येऊन तिच्या फुगलेल्या पोटावर हात ठेवला, आणि त्याचा चेहरा पडला. मी तो पडताना पाहिला. "एवढे वरीस झाले, कवाच नाही केलं तिनं असं. मले काहून नाही दाखवलं?"

शेवंता म्हणाली, "जुनं पिरेम हाय ते, तुमाले कायले दाखवन?" आणि पदर तोंडाला लावून हसली. दशरथ हसला नाही. त्याच्या डोळ्यांत मला तेच दिसलं जे मी इतकी वर्षं आरशात पाहत होतो. आणि खोटं कशाला बोलू, इतका गारवा मला त्या टाकीतल्या पाण्यातही कधी मिळाला नव्हता.

गारवा फार वेळ टिकला नाही. माझा हात अजून तिच्या पोटावर होता. पोट दगडासारखं कडक. घोडं पोट कशापायी फुगवतं हे मी तुम्हाला वर सांगितलंच आहे, आणि ते मला तुमच्याआधी माहीत होतं. गुळानं तिला मी आठवलो नव्हतो. शिळेनंही नाही. पट्ट्यानं आठवलो. म्हातारी, अर्धी आंधळी घोडी, कोणी तिला काही करणार नाही, तरी माझा हात लागला आणि ती श्वास धरून उभी राहिली. मला राग आला. तिचा, त्याचा, का पट्ट्याचा, ते कळेना. आवळल्याशिवाय माणूस पडतो, ते काम तसंच असतं, दुसरं काय करणार होतो मी? पण दशरथच्या ढिल्या पट्ट्यात तिला श्वास धरायची गरजच पडली नव्हती, हेही खरं.

मी बक्कल सोडलं. तंग खाली पडला. मैनेनं फुस्स करून श्वास सोडला आणि डोळे उघडले.

"काकाजी," दशरथ मान खाली घालून म्हणाला, "न्यायची असन तं न्या. तिले तुमचीच वळख हाय."

त्यानं ते म्हणायला नको होतं. मी पिकअपवाल्याला फळी लावायला सांगणार होतो, शब्द तोंडाशी आला होता. बाहेर पडलं ते भलतंच. "शेडले अजून दरवाजा नाही," मी म्हटलं. "बिबट फिरते तिकडं. राहू दे इथंच."

शेडला दरवाजा होता. मी स्वतः बसवला होता, निळा रंग देऊन. ताईनं माझ्याकडे पाहिलं. दशरथला काय करावं सुचेना. गाडी रिकामी जाऊ नये म्हणून त्यानं तिच्यात शेणखत भरलं, वर शिंगाड्याची थैली ठेवली, चिन्नोरचं पोतं ठेवलं. घरी पोचलो तेव्हा बायको कंदील घेऊन अंगणात उभी होती. गाडीत डोकावून म्हणाली, "घोडी आणाले गेलते ना? हे काय आणलं?"

"खत," मी म्हटलं. "वांग्याले घाल."

त्या शेडमध्ये आता शेळ्या बांधतो. निळा दरवाजा त्यांना फारच शोभतो, असं बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते.

मधे एकदा दशरथचा फोन आला. गायीचं बोलला, धानाच्या भावाचं बोलला, शेवंताचा खोकला सांगितला. मग मुद्द्यावर आला.

"काकाजी," तो हळूच म्हणाला, "ते खोगीर मी रोज घालून पाह्यतो तिच्यावर. तंगाले हात लावतो, तुमी लावला तसा. पण फुगवतच नाही ते. नुसती उभी राह्यते, माह्या खांद्यावर तोंड ठेवून. माह्यावर जीव नसन का हो तिचा?"

खांद्यावर तोंड ठेवून. तिच्या जन्मापासून मी तिच्याजवळ होतो, माझ्या खांद्यावर तिनं एकदाही तोंड ठेवलं नव्हतं.

"वेळ लागते दशरथ," मी म्हटलं. "असं एकदम नाही होत ते." आणि फोन ठेवून दिला.